अण्णांना काशीला न्यायचं होतं

काशीत ज्याला मरण येतं त्याला मोक्ष मिळतो, आणि शेवटच्या क्षणी साक्षात महादेव त्याच्या कानात तारक मंत्र सांगतो. यावर शंका घेणारा माणूस आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत मला अजून भेटलेला नाही. मीही ती उघडपणे घेत नाही. मला इथेच राहायचं आहे. एवढंच सांगतो की आमच्या गल्लीत कुणाचं अगदी शेवटाला आलं की लोक महादेवाच्या आधी डॉक्टरला बोलावतात, आणि त्याला मैदागिनच्या गर्दीतून यायला उशीर झाला की त्याच्यावर चिडतात. मोक्ष दारात उभा असताना इतकी धावाधाव कशासाठी, हे मी एकदा आत्याला विचारलं होतं. ती म्हणाली, "आगाऊपणा करू नकोस."

या मोक्षाला एकच अट आहे. मरताना माणूस काशीत असला पाहिजे. अट सोपी वाटते. माझे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत, याच घरात जन्मले, याच घरात म्हातारे झाले. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे आले त्याला पाच पिढ्या झाल्या. आणि हे माझे वडील गेल्या वर्षापासून रोज दुपारी चार वाजता मला म्हणू लागले की मला काशीला न्या.

सुरुवात पिशवीपासून झाली. एके दिवशी ते कापडी पिशवी भरून जिन्याशी येऊन बसले. पिशवीत एक धोतर, पळी-पंचपात्र, जुनं पंचांग, आणि टीव्हीचा रिमोट. रिमोट मी काढून घेतला. त्यांनी तो परत ठेवला.

"अहो व्यवस्थापक," ते मला म्हणाले, "एखादी रिक्षा सांगता का? मला निघायला हवं."

अण्णांनी मला जन्मात 'अहो' म्हटलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, की माझ्यामागे कुणी उभं आहे का.

"कुठे निघालात, अण्णा?"

"काशीला. वय झालंय माझं. वाटेत कुठेतरी अडकून पडलो आणि तिथेच काही झालं, तर सगळं फुकट जायचं."

"आपण काशीतच आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवताना कच्च्या विद्यार्थ्याकडे पाहायचे, तसंच. "असं सगळेच धर्मशाळावाले म्हणतात," ते म्हणाले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि त्यांच्याशी वाद घालू नका असा सल्ला दिला. डॉक्टरांना नैयायिक माणसाच्या घरात राहायची सवय नसावी. आमच्याकडे वाद हा जेवणाचाच भाग होता. अण्णांची स्मृती गेली होती, पण बुद्धी शाबूत होती, आणि खरी अडचण तीच होती. मी त्यांना धरून धरून गच्चीवर नेलं आणि खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्या, होड्या, पाणी, सगळं दाखवलं.

"नदी आहे, हे मान्य," अण्णा म्हणाले. "नदीवरून काशी सिद्ध होत नाही. नदी नाशिकलाही आहे."

मग मी त्यांचं आधार कार्ड आणलं. भिंग लावून त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "यावर माझं घर कुठे आहे ते लिहिलंय. मी आत्ता कुठे आहे, ते कुठे लिहिलंय?"

मी कार्ड परत कपाटात ठेवलं. हा प्रश्न मला स्वतःलाही सोडवता आला नसता.

शेवटी बायकोच्या सांगण्यावरून आम्ही त्यांना दशाश्वमेधच्या मोठ्या आरतीला नेलं. तिथे एकसारखे रेशमी कपडे घातलेले तरुण एकसारखे दिवे एकाच वेळी एकाच दिशेला फिरवतात, ध्वनिवर्धक असा असतो की गंगेच्या पलीकडच्यांनाही पुण्य टळू नये, आणि हजारभर माणसं हात जोडायच्या ऐवजी मोबाइल उंच धरून उभी असतात. याहून जास्त काशी कुठे मिळणार? अण्णा खुर्चीवर शांत बसून होते. शेवटी माझ्याकडे झुकून म्हणाले, "मंडळी चांगली आहे. कुठली नाटक कंपनी?"

खरं सांगायचं तर अनेक वर्षांत त्या कार्यक्रमाबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात नेमकं मत होतं. पण त्याचा त्या वेळी उपयोग नव्हता. घरी येताना ते वाटभर विचारत होते, की काशी अजून किती लांब आहे.

त्यांची भीती समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. निवृत्त झाल्यावर अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे हातात गंगेचं पाणी घेऊन संकल्प सोडला, की यापुढे देह असेपर्यंत काशीची सीमा ओलांडणार नाही. घर सोडायचं नाही, भगवी वस्त्रं नाहीत, फक्त सीमेबाहेर पाऊल टाकायचं नाही. पूर्वेला ही सीमा म्हणजे गंगा. पलीकडचा काठ काशी नव्हे. पलीकडे मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इथलं पानवाल्यापासून पंडितापर्यंत प्रत्येक जण सांगतो. पानवाला हसून सांगतो, एवढाच फरक.

हा संकल्प अण्णांनी पाळला. आईला उपचारांसाठी लखनौला न्यावं लागलं, तेव्हा ते स्टेशनवर आले, डब्यात चढून तिच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली, आणि गाडी सुटायच्या आधी उतरले. आई परत आली नाही. ती लखनौलाच गेली, म्हणजे काशीबाहेर. अण्णा त्यावर एक अक्षर कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्याकडे सगळ्या विषयांवर वाद होत असे, या एका सोडून.

म्हणून ते जेव्हा जिन्याशी बसून म्हणायचे, "अहो, माझ्याकडे फार वेळ नाही," तेव्हा ती म्हातारपणाची कटकट नव्हती. ज्यासाठी त्यांनी आपली बायको एकटी पाठवली होती, ते ऐन शेवटी हातातून निसटतंय असं त्यांना रोज चार वाजता वाटत होतं. आणि मी, त्यांचा एकुलता एक मुलगा, बँकेतून निवृत्त झालेला, दिवसभर घरी रिकामा असलेला, त्यांना ते जिथे होते तिथे पोचवू शकत नव्हतो.

काही काळ मटारांनी वाचवलं. हा शोध माझ्या बायकोचा. हिवाळ्यात बनारसमध्ये मटार ढिगांनी येतात. चुड्यात, म्हणजे पोह्यांत, मटार, निमोन्याच्या रश्श्यात मटार, आमच्या मराठी घरांत उसळीतही तेच. एकदा पावणेचारला तिने अण्णांच्या पुढ्यात परात ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, एवढे सोलून देता?" त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. शेंगेच्या टोकाला अंगठा दाबायचा, ती उघडायची, दाणे परातीत ओघळायचे. एखादी कीड दिसली की ते ती शेंग अलगद वेगळी ठेवत, टाकत नसत. साडेचार वाजले तरी त्यांनी काशीचं नाव काढलं नाही. मीही शेजारी बसून सोलू लागलो. आम्ही काही बोलत नसू. कधी ते माझ्या ढिगाकडे बघून म्हणत, "व्यवस्थापक, तुमच्यात टरफलं फार जातात."

माझा एक मावसभाऊ मला रोज सकाळी फोनवर फुलांचं चित्र पाठवतो; त्यावर लिहिलेलं असतं की आयुष्याचा अर्थ छोट्या छोट्या क्षणांत शोधा. पूर्वी मी ते न वाचता पुसून टाकत असे. त्या हिवाळ्यात मात्र त्याला कळवावंसं वाटलं, की बाबा रे, सापडला. पावणेचार ते साडेचार सापडतो. नंतर मटार संपतात.

फाल्गुनात ते खरंच संपले. मग बायकोने तांदूळ निवडायला दिले. पण पाकिटातल्या तांदळात हल्ली खडे नसतात, आणि अण्णांनी दोन मिनिटांत ताट परत केलं. दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवरून मूठभर बारीक खडे आणले, धुतले, वाळवले आणि तांदळात मिसळले. अण्णांनी ते एकेक करून सगळे वेचले. म्हणाले, "बाई, तुमच्या धर्मशाळेत तांदूळ फार वाईट येतो." ते आठ-दहा दिवस चाललं. मग एका दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं. "रोज तेच खडे," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन उठले.

पुढची युक्ती आत्याची. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर राहते, सोवळं कडक, गुडघे अधू. अण्णा तिला ओळखत, पण तीही आपल्यासारखीच वाटेत अडकली आहे अशी त्यांची समजूत होती. तिला बघितलं की म्हणत, "तुलाही रिक्षा मिळाली नाही का?"

आत्या मला म्हणाली, "हे बघ, इथे बसून त्याला पटायचं नाही. आलोय असं वाटायला आधी यावं लागतं. माणूस काशीला येतो कसा? पुलावरून. पूल लागला, घाट दिसले, की सगळी गाडी हात जोडते. दादाही परीक्षांना बाहेरगावी जायचा तेव्हा येताना डब्याच्या दारात उभा राहायचा. त्याला पुलावरून आणू."

"पुलावरून आणायचं तर आधी पलीकडे न्यावं लागेल."

"हो."

"म्हणजे काशीत आणण्यासाठी काशीबाहेर काढायचं."

"तू बँकेत होतास ना? मग एवढे फाटे कशाला फोडतोस?" आत्या चिडली. "पलीकडे जायचं, गाडी वळवायची, परत यायचं. वीस मिनिटं."

"आणि संकल्प?"

आत्याने दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाली, "संकल्प त्याचा. मोडलं त्याचं पाप माझं. मी त्याची बहीण आहे."

गल्लीतल्या एका शास्त्रीबुवांना मी सहज विचारावं तसं विचारलं, की व्रत घेणाऱ्याला व्रतच आठवत नसेल तर सीमा ओलांडल्याचा दोष लागतो का. त्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले. दोन दिवसांनी सांगितलं की याला दोन पक्ष आहेत, आणि प्रायश्चित्त म्हणून मुंडन करता येईल. अण्णांच्या डोक्यावर तीस वर्षांत केस नाहीत.

चैत्रातल्या एका दुपारी आम्ही निघालो. अण्णा, आत्या आणि मी. अण्णांना सांगितलं, रिक्षा मिळाली. ते इतके खूश झाले की मला लाज वाटली. गल्लीतून मच्छोदरीच्या रस्त्यापर्यंत एरवी दहा मिनिटं लागतात. आम्हाला पाऊण तास लागला. वाटेत ते प्रत्येक ओट्यावर टेकत आणि ओट्यावरच्या माणसाला सांगत, "निघालो. काशीला." गल्लीतली सगळी माणसं त्यांना लहानपणापासून ओळखणारी. कुणी हसलं नाही. एकजण तर म्हणाला, "जाइए गुरुजी, हमरो परनाम कह दीजिएगा."

ऑटोवाला ओळखीचा होता. त्याने विचारलं, "बाबूजी के कहाँ ले चलीं?"

"काशी," अण्णा म्हणाले.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "त हमहन कहाँ हई?" म्हणजे, मग आपण कुठे आहोत?

"आप पुल पार करके घुमा लीजिएगा," आत्या ठसक्यात म्हणाली. बनारसचा ऑटोवाला एकदा प्रश्न विचारतो. दुसऱ्यांदा विचारण्याइतकं कशातच काही नवल नाही, हे त्याला माहीत असतं.

राजघाटचा पूल वरून रस्ता आणि खालून रेल्वे असा आहे. खालून गाडी गेली की वरचा रस्ता थरथरतो. आम्ही पुलावर चढलो तशी आत्याने डोळे मिटून जप सुरू केला. मी काहीच मानत नाही. मोक्ष नाही, गाढव नाही, सीमा नाही. पण पुलाच्या मध्यावर मी अण्णांचं मनगट धरून ठेवलं. नाडी बघायला, असं मी स्वतःला सांगितलं.

"ओलांडली का रे?" आत्याने डोळे न उघडता विचारलं.

"कुणास ठाऊक. पाटी नाहीये."

पलीकडे पडावचा चौक लागतो. तिथेच वळून परतायचं होतं. पण चौकात दोन ट्रक समोरासमोर अडकले होते आणि दोन्हींचे चालक खाली उतरून एकमेकांच्या घराण्याविषयी बोलत होते. आमच्या ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. "आधा घंटा," तो म्हणाला, आणि चहाच्या टपरीकडे चालू लागला.

आम्ही काही म्हणायच्या आत अण्णा उतरले. कुणाचा हात न धरता. गेल्या कित्येक महिन्यांत ते असे एकटे उतरले नव्हते. टपरीपुढे एक लाकडी बाक होता. त्यावर बसलेला माणूस त्यांना बघून सरकला. अण्णा बसले, चपला काढल्या, पाय मोकळे केले. टपरीवाल्याने मातीच्या कुल्हडात चहा दिला. समोर ट्रक धुवायची जागा होती, तिचं काळं पाणी रस्त्यावर येत होतं. भोंगे वाजत होते. एक गाय पुठ्ठा खात होती. अण्णांनी एक घोट घेतला, सगळीकडे शांतपणे नजर फिरवली, आणि म्हणाले,

"पोचलो एकदाचे."

माझ्या तोंडून गेलं, "कुठे?"

"कुठे म्हणजे? काशीत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. "तू कधी आलास? आणि दाढी का नाही केलीस? असाच जातोस बँकेत?"

वर्षभराने अण्णांनी मला 'तू' म्हटलं होतं.

"सुट्टी आहे आज, अण्णा."

"सुट्टी असली म्हणून काय झालं? तुझी आई काही म्हणत नाही वाटतं." त्यांनी आणखी एक घोट घेतला. "चहा चांगला आहे. आलं घातलंय. तू पण घे."

आत्या ऑटोच्या दारात उभी होती. "दादा, चल आता."

"कुठे? आत्ताच तर आलो. ये, बस तू. तुझे गुडघे दुखत असतील." त्यांनी बाकावरची धूळ स्वतःच्या उपरण्याने झटकली.

आत्या बाहेरचं पाणीही पीत नाही. ती येऊन बसली. टपरीवाल्याने तिच्याही हातात कुल्हड दिला आणि तिने तो घेतला. आम्ही तिघं एका बाकावर बसून चहा प्यायलो. अण्णांनी शेजारच्या माणसाला त्याचं गाव विचारलं, पीक विचारलं. मला सांगितलं की घराच्या जिन्यातला दिवा गेलाय, बदलून टाक. तो खरंच गेला होता. कितीतरी दिवस मी तो बदलायचा म्हणत होतो. आयुष्यात वडिलांबरोबर मी हजार वेळा चहा प्यायलो असेन आणि त्यातला एकही मला आठवत नाही. हा आठवतो, आणि हाच चुकीच्या काठावर होता. चांगलं काही घडत असताना ते घडतंय हे कळणं, आणि ते थांबवणं आपल्याच हातात आहे हेही कळणं, याला लोक काय म्हणतात मला माहीत नाही. मावसभावाच्या फुलांवर तसं काही लिहिलेलं नसतं.

ट्रक सुटले. ऑटोवाला हाका मारू लागला. आत्या हळूच म्हणाली, "अरे, याला इथे काही झालं तर?"

अण्णांनी ते ऐकलं. हसले. "मला आता काहीही झालं तरी चालेल," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी इतक्या समाधानाने म्हटलं की त्यानंतर आम्हाला तिथे क्षणभरही थांबणं शक्य नव्हतं. आत्याने त्यांचा एक दंड धरला, मी दुसरा. आधी त्यांना वाटलं आम्ही थट्टा करतोय. मग त्यांनी बाकाची कड धरून ठेवली. ऑटोवाल्याने त्यांची बोटं सोडवली. हलक्या हाताने, पण सोडवली.

"नको. अरे, मला नको नेऊस. आत्ता आलोय रे मी." आणि ऑटोत बसवता बसवता त्यांचा आवाज बदलला. "अहो, ऐका. मला काशीबाहेर नेऊ नका. अहो, तुमच्या पाया पडतो."

बाकावरचा माणूस उभा राहिला. "बाबा के कहाँ ले जात हउआ?"

"काशी," मी म्हणालो.

परतताना पुलावर उन्हं कलली होती. डावीकडे राजघाटापासून पार लांबपर्यंत सगळे घाट एका वळणात पसरले होते. हा देखावा बघायला माणसं समुद्र ओलांडून येतात. आत्या म्हणत होती, "दादा, बघ. काशी. बघ ना रे." अण्णांनी उपरणं तोंडावर ओढून घेतलं होतं आणि ते घरापर्यंत काढलं नाही.

तीन दिवस त्यांनी पिशवी भरली नाही. आम्हाला वाटलं, जमलं. चौथ्या दिवशी मी त्यांना दुपारची गोळी द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "व्यवस्थापक, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल."

"काय सांगितलं असेल, अण्णा?"

"मला परत आणायला."

"पुन्हा जाऊ आपण," मी म्हणालो. ते बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय कबूल केलं.

त्यांनी मान हलवली. "एकदा पोचून परत आलेल्याला पुन्हा कोण घेतं?"

त्यानंतर त्यांनी कधी काशीला न्यायला सांगितलं नाही. चार वाजता ते मांडीवर हात ठेवून खाटेवर बसून राहतात. बायकोने नव्या खड्यांचे तांदूळ पुढे ठेवून पाहिले. त्यांनी हात लावला नाही.

मी आत्याला म्हणालो, त्यांना रोज पडावला नेऊ या. चहा पिऊ, परत येऊ. आत्याने फक्त विचारलं, "आणि तिथेच गेला तर?" मला म्हणायचं होतं, जाऊ दे, सुखाने जाईल. म्हणालो नाही. बाकावर बसलेले अण्णा माझे वडील होते, आणि हातात पाणी घेऊन, शुद्धीत, सीमा ओलांडणार नाही म्हणणारेही तेच. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? मुलगा म्हणून मला दोन्ही वेळा एकच उत्तर सुचतं, की ते म्हणतात तसं करावं. एका वेळी दोघांचं करता येत नाही. म्हणून मी काहीच करत नाही. जिन्यातला दिवा तेवढा बदलला.

ज्येष्ठात एका संस्थेची माणसं घरी आली. त्यांना अण्णांचा सत्कार करायचा होता. मी म्हटलं, त्यांना आता काही समजत नाही. अध्यक्ष म्हणाले, सत्काराला त्याची आवश्यकता नसते. अनुभवाचे बोल होते. रविवारी आमच्या खोलीत जिथे पूर्वी कपडे वाळत असत तिथे अण्णांच्या चेहऱ्याचा भलामोठा फ्लेक्स लागला, चाळीस-बेचाळीस अंशांच्या उकाड्यात त्यांच्या खांद्यावर लोकरी शाल पडली, आणि मानपत्राचं वाचन झालं: "ज्या पुण्यपुरुषाने पंचवीसहून अधिक वर्षांत काशीची सीमा एकदाही ओलांडली नाही..." आत्याने मला पाठीमागून चिमटा काढला. मी तोंड उघडलेलंही नव्हतं.

पाच भाषणं झाली. अध्यक्षांनी काशी हे स्थान नसून अवस्था आहे, हे पाऊण तास सांगितलं. त्यांचा स्वतःचा फ्लॅट वातानुकूलित आहे आणि गंगेपासून चांगला लांब, शिवपूरला आहे. मग त्यांनी अण्णांना दोन शब्द बोलायची विनंती केली. मला भीती वाटली, पण अण्णांनी शाल सावरून हात जोडले. आवाज स्वच्छ होता.

"मी काशीला जाऊन आलो आहे," ते म्हणाले. "चांगली आहे. माणसं सरकून जागा देतात. चहा उत्तम. मला राहायचं होतं, पण या व्यवस्थापकांना घाई होती."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग उठून त्यांनी सगळ्यांना अर्थ उलगडून सांगितला, की व्यवस्थापक म्हणजे काळ, सरकून दिलेली जागा म्हणजे अहंकाराचा त्याग, आणि चहा हा भक्तिरस. टाळ्या बराच वेळ वाजल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, ते मागेच सांगून झालं होतं.

जाताना जिन्यात अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. "गुरुजींना दिसलेली ती काशी," ते म्हणाले, "आपल्याला कधी दिसेल का हो?"

ती पडावच्या चौकात आहे, ट्रक धुवायच्या जागेसमोर. जिल्हा चंदौली.